राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, पुणे

विषाणुजन्य रोगांचे निदान व प्रतिबंध यांवर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था.

परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात ‘विषाणू संशोधन केंद्र’ स्थापन केले. आरंभीचा भर डास, गोचीड अशा संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर होता. १९७८ मध्ये संस्थेला सध्याचे नाव मिळाले.

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. त्यामागचा, गोचिडांद्वारे पसरणारा विषाणू केंद्राने शोधला (पहा : क्यासनूर अरण्य रोग). १९६५ मध्ये नागपूर परिसरातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून चांदीपुरा विषाणू वेगळा करण्यात आला. तो वाळूमाशीमुळे पसरतो व मुलांत मेंदूज्वर घडवतो (पहा : मेंदूज्वर).

अतिघातक विषाणूंसाठी पाषाण येथे जैवसुरक्षा स्तर-४ प्रयोगशाळा आहे. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखल्याने हवा बाहेर निसटत नाही. संशोधक मात्र नळीतून हवा पुरवलेला फुगीर पोशाख घालतात व बाहेर पडताना त्यावर जंतुनाशकाचा फवारा घेतात.

जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान येथे निश्चित झाले. येथे वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने ‘कोव्हॅक्सिन’ ही निष्क्रियित लस बनवली, तिला जानेवारी २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली (पहा : कोविड-१९, लस).