‘निसर्गात फुटलेल्या होड्या’ : तळटीप

४. ‘निसर्गात फुटलेल्या होड्या’ : संदर्भ ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. मुरूड-जंजिरा ते श्रीवर्धन पट्ट्यातील बहुतेक होड्या खाडीत नांगरलेल्या किंवा वर ओढून ठेवलेल्या होत्या. पण लाकडी होडीला बंदरातही धोका असतोच. दोर तुटला की ती शेजारच्या होडीवर, धक्क्यावर आपटते. फळ्या हलतात, सांध्यांत ठासलेला कापूस सुटतो आणि पाणी आत शिरते. वरून धड दिसणारी होडीसुद्धा मग सांधे नव्याने भरल्याशिवाय समुद्रात लोटता येत नाही. यवतमाळच्या वाचकाला साग आणि कापूस दोन्ही घरचे. सागाच्या फळ्या आणि कापसाची भरण यांवरच कोकणातली जुन्या बांधणीची होडी तरते. फायबरच्या होड्या आल्यापासून हे काम जाणणारे सुतार कमी होत चालले आहेत. पंचनाम्यात फुटलेल्या होडीची किंमत लिहिली जाते, ती पुन्हा उभी करणाऱ्या कसबाची उणीव लिहिली जात नाही. पुढील प्रकरण वाचताना हे नुकसानही हिशेबात धरावे. — संपा.