राजा दूर, पटवारी दाराशीं

१९०५ च्या जानेवारींत रशियाच्या राजधानींतील हजारों कामकरी जार निकोलसच्या तसबिरी हातीं घेऊन त्याच्या राजवाड्याकडे निघाले. बादशहा बापासारखा आहे, त्याच्या भोंवतालचे अंमलदार तेवढे दुष्ट, अशी त्यांची श्रद्धा होती. सैनिकांनीं गोळ्या झाडून तिला उत्तर दिलें. ही श्रद्धा रशियन लोकांचीच होती असें मात्र नाहीं. जळकोट, उदगीर, कंधार या टापूंतील कुणब्याच्या मनांतही ती दीर्घकाळ नांदत होती.

आज लातूर जिल्ह्यांत असलेलें जळकोट १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ सालीं गादीवर आला. १९३७ सालीं 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकानें जगांतील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्याचें चित्र मुखपृष्ठावर छापलें. त्याच सुमारास मराठवाड्यांतील खेडुताचें धन म्हणजे ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि सावकाराच्या वहींतील न फिटणारी बाकी. एस. केशव अय्यंगार यांनीं १९२९-३० सालीं राज्यांतील खेड्यांची आर्थिक पाहणी केली. तींत नांदेड जिल्हाही होता.

एवढी तफावत असतां राजाविषयीं संताप कां नव्हता, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर राज्यकारभाराच्या रचनेंत सांपडतें. कुणब्याला निजाम कधीं दिसत नसे. दिसे तो पटवारी, पोलीस पटील आणि करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई. वेठीला बोलावणारे तेच, सारा मागणारे तेच. राज्याची सुमारें दोन-पंचमांश जमीन जहागिरदार, पायगा आणि निजामाची खासगी सर्फ-इ-खास यांकडे होती. तेथें तर कारभाऱ्याचा शब्द हाच कायदा. दप्तराची भाषा उर्दू, साल फसली, नाणें हाली. १९४१ सालीं शंभरांत दहा माणसेंही साक्षर नव्हतीं. आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा सांगेल तें खरें मानावें लागे. त्यामुळें राग वाचणाऱ्यावर राही. ज्याच्या नांवें कागद निघाला तो निष्कलंकच ठरे.

मनांतलें बोलण्यासही जागा नव्हती. 'गश्ती निशाण ५३' या हुकुमान्वयें परवानगीवांचून सभा भरवितां येत नसे. म्हणून जागृतीचें काम शाळांतून व वाचनालयांतून चाललें. हिप्परग्याच्या शाळेंत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढें याच वाटेनें लढ्याचे पुढारी झाले. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें व १९३८ सालीं स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या वेळची मागणीदेखील निजामाच्या छत्राखालीं जबाबदार राज्यपद्धति मिळावी, अशीच होती. सुशिक्षित पुढाऱ्यांसही राजा व राज्यकारभार हे अद्याप निराळे वाटत होते.

महायुद्धांतील लेव्हीच्या सक्तीनें घरचें धान्य गेलें आणि १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या जुलुमानें घरेंही जळालीं. त्यांचा सेनानी कासीम रझवी लातुरास वकिली करीत असे. आतां मात्र 'हुजुरांना हें ठाऊक नसेल' असें म्हणणें कठीण झालें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली.

परंतु हिशेब तेथें मिटला नाहीं. त्यानंतरच्या हिंसेची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. राज्यभर २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि उदगीर ज्यांत मोडत होतें तो बिदर, हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते; त्यांतील अनेकांच्या घरींही तीच ज्वारीची भाकरी आणि तीच सावकाराची बाकी होती. निजाम मात्र १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून सन्मानानें राहिला आणि १९६७ सालीं वारला.

पूर्वीं राजाचा दोष पटवाऱ्याच्या माथीं बसे. अखेरीस तो शेजाऱ्याच्या माथीं बसला. राजा दोन्ही वेळां दूरच राहिला. ज्या प्रजेला राज्याचा कागद स्वतः वाचतां येत नाहीं, तिला आपल्या दुःखाचा धनीही नीट ओळखतां येत नाहीं, हाच या इतिहासाचा बोध आहे.