वसंतातील सहल : पिशवी तयार, बेत आयत्या वेळचा

माघ सरता सरता पळस, पांगारा आणि काटेसावर लाल-केशरी फुलांनी बहरू लागतात. पंचांगानुसार वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा असला, तरी सह्याद्रीच्या परिसरात त्याची चाहूल फेब्रुवारीतच लागते. कार्तिकातील आवळीभोजन, थंडीतील हुरडा आणि पावसाळ्यातील भटकंती यांची मराठी कुटुंबांना सवय आहे. वसंतातील सहल मात्र मुलांच्या परीक्षा आणि उन्हाची धास्ती यांमुळे बहुधा राहून जाते. भल्या सकाळी निघून अकरापर्यंत घरी परतणारी छोटी सहल हा त्यावरील सोपा उपाय आहे. तिचा बेत आदल्या रात्रीही ठरू शकतो. मात्र नेहमीचे सामान हाताशी हवे आणि उन्हाचे भान सुटता कामा नये.

वेळ आणि ठिकाण

ठिकाण घरापासून तासाभराच्या अंतरावर, सावलीचे आणि परतीचे वाहन सहज मिळेल असे निवडावे. मुंबईकरांना बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा पनवेलजवळील कर्नाळा पक्षी अभयारण्य सोयीचे आहे. बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद असते. पुणेकरांना एम्प्रेस गार्डन किंवा तळजाईची टेकडी जवळची. अशा ठिकाणी खाद्यपदार्थ नेण्याबाबतचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर तापत असल्याने तेथे फेब्रुवारीतील सकाळ अधिक सुखाची.

कायमची पिशवी

एका कापडी पिशवीत पुढील वस्तू वर्षभर भरून ठेवल्यास निघताना शोधाशोध होत नाही : सतरंजी किंवा जुनी चादर, स्टीलच्या ताटल्या व पेले, चमचे, छोटी सुरी, दोन पंचे, टोप्या, कागदी रुमाल, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी आणि प्रथमोपचाराचे साहित्य. त्यात ओआरएसची पाकिटे, पट्ट्या, जंतुनाशक मलम आणि घरातील व्यक्तींची नेहमीची औषधे असावीत. औषधे मात्र उन्हात किंवा बंद गाडीत राहू देऊ नयेत आणि त्यांची मुदत अधूनमधून तपासावी.

डब्यात काय असावे?

आयत्या वेळच्या सहलीला कोरडे आणि टिकाऊ पदार्थच चांगले. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, धपाटे किंवा थालीपीठ, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी व लोणचे एवढ्यावर उत्तम भागते. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. गरम असताना झाकण लावल्यास वाफेचे पाणी सुटून त्या लवकर आंबतात. काकडी, गाजर, संत्री आणि द्राक्षे घरूनच धुऊन न्यावीत.

ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, मेयोनेझ लावलेले सँडविच आणि दुधाची मिठाई शक्यतो टाळावी. शिजवलेले नाशवंत अन्न शीतकपाटाबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास ही मर्यादा एक तासावर येते, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे.

पाणी आणि ऊन

पावसाळ्यात खळाळणारे ओढे या दिवसांत आटलेले असतात, त्यामुळे वाटेत पाणी मिळेल या भरवशावर राहू नये. माणशी किमान दोन लिटर पाणी घरूनच न्यावे. जोडीला कैरीचे पन्हे, कोकम सरबत किंवा ताक असल्यास उत्तम.

उन्हाकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांना प्राण गमवावे लागले होते. डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही त्रासाची पहिली लक्षणे होत. अशा व्यक्तीस लगेच सावलीत नेऊन अंग ओल्या पंचाने पुसावे व घोट घोट पाणी द्यावे. असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची खूण असू शकते. त्या वेळी तोंडात पाणी घालू नये. अंग थंड करीत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधमाश्या आणि वणवा

कडेकपारीत, गडांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. त्याखाली पथारी पसरू नये, उग्र अत्तर लावू नये आणि धूर तर मुळीच करू नये. माश्या उठल्यास त्यांना हातवारे करून न हाकलता तोंड झाकून दूर पळावे. रुतलेली नांगी तत्काळ नखाने खरवडून काढावी. ओठ सुजल्यास किंवा श्वास लागल्यास थेट रुग्णालय गाठावे.

या दिवसांत गवत वाळलेले असते. एखादी ठिणगी किंवा न विझवलेले सिगारेटचे थोटूकही वणवा पेटवू शकते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. म्हणूनच चूल मांडण्याचा मोह टाळून घरचाच डबा न्यावा.

परतताना

थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या भांड्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. स्टीलची भांडी नेल्यास कचराही कमी होतो. उरलेले अन्न माकडांना घालू नये; त्यातून ती माणसांच्या हातातील पिशव्या ओढू लागतात. सर्व कचरा घरी आणावा. भांडी धुऊन, पंचे वाळवून पिशवी त्याच दिवशी पुन्हा भरून ठेवली, की पुढच्या रविवारची निम्मी तयारी झालेली असते.