वडी कुणाची? जुन्नरच्या वाटेवरचा खाऊ आणि ‘आपलं’ असण्याचा अर्थ

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस चिक्कीवर काय बोलणार? पण प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. दाणे, तीळ, खजूर, बेदाणे गुळात बांधून केलेली वडी आपण ‘पारंपरिक’, ‘घरची’, ‘आपली’ म्हणतो. तीच वडी चकचकीत कागदात आली की तिला ‘एनर्जी बार’ म्हणतात आणि ती परकी वाटू लागते. हे ‘आपलं’ आणि ‘परकं’ आपण ठरवतो कशावरून? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत उभं राहून हा प्रश्न विचारला तर उत्तर जरा अनपेक्षित येतं. ते तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात रस्त्यापासून करू. कोकणातून, मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून आलं की वर घाटघर लागतं आणि पुढे जुन्नर. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर पैठण आणि तेर या बाजारपेठा, आणि मध्ये हा घाट. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, बाहेर दगडी रांजण आहे. तो जकातीसाठी होता असं मानतात. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले या वाटेच्या आजूबाजूलाच आहेत. आता बैलांचा तांडा घेऊन हा घाट चढणारा माणूस वाटेत खात काय असेल, याचा विचार करा. रोज चूल पेटवणं शक्य नाही, पाण्याचा भरवसा नाही. संस्कृतात वाटेवरच्या अन्नाला ‘पाथेय’ असा स्वतंत्र शब्द आहे, आपल्याकडे ‘शिदोरी’ आहे. ज्या समाजाला चालावं लागतं, तो या गोष्टीला नाव देतो.

जुन्नरभोवती दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यातले दानलेख वाचा, फार बोलके आहेत. एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, असं म्हटलं आहे. बघा, परदेशी म्हणवला जाणारा एक माणूस जुन्नरात येतो आणि दान काय देतो, तर बसून जेवायची जागा!

बौद्ध परंपरेतच आपल्या वडीची फार जुनी नातेवाईक सापडते. बुद्धांना ज्ञानप्राप्तीनंतर पहिलं अन्न कुणी दिलं, तर तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी. ते तांड्याबरोबर प्रवासात होते. त्यांनी दिलं काय? मंथ आणि मधुपिंडिका. मंथ हा आपल्या सातूच्या जवळचा प्रकार, आणि मधुपिंडिका म्हणजे मधात बांधलेले गोळे. अग्निहोत्री पुरोहिताच्या घरचं किंवा राजवाड्यातलं हे अन्न नव्हे, व्यापाऱ्याच्या पिशवीतली ही शिदोरी आहे. पुढे भिक्षूंसाठी जे नियम झाले, त्यात दुपारनंतर जेवायचं नाही असा नियम आहे. पण तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे आपल्या काकवीसारखा आटवलेला उसाचा रस, या पाच गोष्टी औषध म्हणून सात दिवसांपर्यंत जवळ ठेवायची मुभा होती. म्हणजे काय टिकतं आणि काय ताकद देतं, याचं चोख ज्ञान त्या काळी होतं.

ते टिकतं का, हेही सांगतो. गुळाचा पाक आटवला की त्यातलं पाणी जवळजवळ निघून जातं, आणि जे थोडं उरतं ते साखरेने धरून ठेवलेलं असतं. बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागतं, ते त्यांना मिळत नाही. दाण्यांमध्ये शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशेहून जास्त कॅलरी. वजन कमी, ताकद जास्त, खराब होणार नाही. घाट चढणाऱ्याला आणखी काय हवं?

आता आपल्या घरातल्या खिरापतीकडे येऊ. गणपतीत पंचखाद्य करतात ना? खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. पाचही ‘ख’. देवापुढचा हा प्रसाद अगदी आपला. पण एकेका ‘ख’ला विचारा, तू आलास कुठून? खोबरं कोकणातून घाट चढून आलं. खारीक अरबस्तानाकडून जहाजाने आली. खिसमिस एके काळी इराण-अफगाणिस्तानाकडून यायचे. आज ते सांगली-नाशिककडून येतात, आणि आपल्या जुन्नर-नारायणगावच्या काळ्या द्राक्षांच्या बागा तर तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. खसखस माळव्याकडची. म्हणजे ती छोटीशी वाटी हा व्यापारी मार्गांचा नकाशाच आहे, बरं का.

यापुढची गोष्ट आणखी गमतीची आहे. चिक्कीतला शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी लोकांच्या जहाजांनी तो जगभर फिरला आणि आपल्याकडे आला. बंगालीत त्याला ‘चिनेबादाम’ म्हणतात, म्हणजे चीनचा बदाम. त्यांनी पाहुण्याचा पत्ता नावातच ठेवला, तो चुकीचा असला तरी. आपण मात्र त्याला ‘भुईमूग’ म्हटलं. भुईतला मूग! पत्ता पुसून टाकला, घरातलं नाव दिलं. राजगिऱ्याच्या ज्या जाती आपण दाण्यांसाठी लावतो, त्यांचं मूळही अमेरिकेतच असल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात बांधून वड्या करतात. त्यांचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. स्पॅनिश लोक येण्याआधी तिथले अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसाद म्हणून खात. ख्रिस्ती धर्मगुरूंना ते खपलं नाही आणि त्यांनी ते दडपलं. आणि इकडे आपण तोच राजगिरा एकादशीला खातो. साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो ते झाड, बटाटा, मिरची, दाणे, सगळी मंडळी अटलांटिक ओलांडून आलेली. आपल्या उपासाच्या ताटात गहू चालत नाही, ज्वारी चालत नाही, पण अमेरिका चालते!

कुणी म्हणेल, ठीक आहे, हे बाजारपेठेतलं झालं. डोंगरातलं अन्न तरी खास इथलं असेल. भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी शेतकरी उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी पिकवत आले. पण नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातली आणि खुरासणी, म्हणजे कारळे, इथिओपियातली. नाचणी तर काही हजार वर्षांपूर्वी आली, कशी आली तेही कुणाच्या आठवणीत उरलं नाही. या सगळ्यात तीळ आणि वरई तेवढी खरी भारतीय उपखंडातली. म्हणजे जन्मस्थानावरून ‘आपलं’ ठरवायचं म्हटलं, तर संक्रांतीची वडी आणि वरई उरेल आणि बाकी जवळजवळ सगळा डबा परत पाठवावा लागेल.

मग ‘आपलं’ म्हणजे काय? इथे मला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आठवतो. राजा यवन, भिक्षू बौद्ध. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? चाकं का? नाही. आस का? नाही. जू का? नाही. सगळे भाग नुसते एकत्र टाकले तर? तरीही नाही. रथ हे नाव त्यांच्या विशिष्ट जुळणीला आहे. तेच वडीला लावून बघा. वडी म्हणजे दाणे का? नाही. गूळ का? नाही. दाणे आणि गूळ एका परातीत ओतले तर? तो नुसता ढीग. वडी होते ती पाकाने. आणि पाक हा दुकानात मिळत नाही.

पाक म्हणजे काय ते घरातल्या बायका एका वाटीभर पाण्यात तपासत आल्या. उकळत्या गुळाचा थेंब पाण्यात टाकायचा. विरघळला तर अजून वेळ आहे. बोटांनी मऊ गोळी वळता आली तर गोळीबंद, लाडवाला चालेल. थेंब कडक झाला आणि ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजला, की चिक्कीचा पाक. थर्मामीटर लावला तर हे दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भरतं. थर्मामीटर न लावता कानाने तापमान मोजायचं हे शास्त्र आहे, पण ते कुठल्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. दाणे निवडणं हेही त्यातच आलं. काळपट, सुरकुतलेला, कडवट लागणारा दाणा बाजूला काढायचा. ओलसर हवेत दाण्यावर जी बुरशी धरते तिचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही, हे विज्ञानाने नंतर सांगितलं. आजीने तो दाणा आधीच सुपातून बाहेर टाकलेला होता.

तर माझं म्हणणं असं: या प्रदेशाच्या वडीत जिन्नस नेहमीच प्रवासी होते. इथे वस्तीला राहिलं ते करण्याचं ज्ञान. आपलं असेल तर ते.

हे पटलं, तर आधुनिक काळात काय घडतंय ते नीट दिसतं. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्या घाटात राबणाऱ्या मजुरांना गूळदाणी विकली जायची आणि त्यातूनच लोणावळ्याची चिक्की आली, असं सांगितलं जातं. पुन्हा घाट, पुन्हा श्रम, पुन्हा तीच शिदोरी. तिकडे अमेरिकेत बर्कलीमध्ये ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉन धावपटूने घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून १९८६ साली पॉवरबार बाजारात आणली. २००० साली ती नेस्लेने विकत घेतली. धावपटूची शिदोरी चौदा वर्षांत बहुराष्ट्रीय कंपनीची झाली. यात पाप काही नाही. पण एक बदल झाला. आधी जिन्नस बाहेरून यायचे आणि कृती घरात राहायची. आता कृतीच बाहेर गेली. आपल्याकडे उरलं फक्त खाणं.

हौसेने खाणाऱ्या शहरी माणसाचं यात फार बिघडत नाही. बिघडतं ते लहान मुलांचं आणि गावातल्या बायकांचं. अंगणवाडीचा आहार घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात स्पष्ट म्हटलं की अंगणवाडीच्या पोषण आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडे देऊ नये. धान्य खरेदी आणि आहार शिजवणं शक्यतो गावसमाज, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडे असावं. तरीही पुढे मोठ्या पुरवठ्याच्या निविदा निघतच राहिल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या निविदा रद्द केल्या, कारण त्यांच्या अटींमुळे खरे लहान बचत गट बाहेरच राहत होते. याच्या उलट, आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून असलेल्या अमृत आहार योजनेत गावातच शिजवलेलं जेवण आहे आणि त्यात शेंगदाण्याचा लाडूही आहे. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पात आपले हे दोन्ही तालुके येतात, म्हणून हा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

पाकिटाची बाजूही ऐकली पाहिजे. कारखान्यात वजन सारखं असतं, तपासणी होते, पावसाळ्यात रस्ता बंद झाला तरी साठा राहतो. हे फायदे खरे आहेत. पण तपासणी गावातल्या गटाच्या मालाचीही करता येते, साठवण शिकवता येते. गेलेलं कौशल्य मात्र निविदा काढून परत आणता येत नाही. डिंभ्याच्या वरच्या गावातली बाई स्वतःच्या नाचणीचा आणि कारळ्याचा लाडू करू शकते. तिच्याच मुलाला शंभर मैलांवरचं पाकीट द्यायचं आणि तिला फक्त लाभार्थी म्हणायचं, याचा अर्थ तिच्या हातातलं ज्ञान आपण शून्य धरलं, असा होतो.

शेवटी, केवळ ऐकून घरी जाऊ नका म्हणून एक कृती सांगतो. पाकाची भीती वाटत असेल तर खजुराने सुरुवात करा. बिया काढलेला मऊ खजूर दोन वाट्या, भाजून सोललेल्या दाण्यांचा भरड कूट एक वाटी, भाजलेले तीळ अर्धी वाटी, भाजलेलं सुकं खोबरं पाव वाटी, मूठभर बेदाणे, चिमूटभर सुंठ. खजूर चमचाभर तुपावर मंद आचेवर मळून मऊ करायचा, बाकीचं त्यात मिसळायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं, गार झालं की वड्या पाडायच्या. खजुराचा चिकटपणाच इथे पाकाचं काम करतो. आठ-दहा दिवस सहज टिकतात. ते जमलं की मग गूळ आणि वाटीभर पाणी घेऊन बसा, आणि घरातल्या मुलाला, होय, मुलालाही, शेजारी बसवा. थेंब ताटलीवर टाका आणि त्याला विचारा, वाजला का?