कापूस अनुदान आणि बटाईदार : आर्कान्सातील पॉइनसेट काउंटी (१९३३ ते १९४०)

अमेरिकेत शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून थेट पैसे देण्याची पद्धत १२ मे १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने रूढ झाली. पीक कमी घ्यावे, भाव चढावेत आणि त्यासाठी शेतकऱ्याला मोबदला मिळावा, असे त्याचे सूत्र होते. कापूस तोवर पेरून झाला होता. त्यामुळे त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकण्यात आले. या धोरणाची चर्चा बहुधा भावाच्या अंगाने होते; परंतु मोबदला कोणाच्या हाती पडला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

आर्कान्सा राज्याच्या ईशान्य भागातील पॉइनसेट काउंटीत मोठे मळे होते आणि ते अर्धेलीने कसणारी गोरी व कृष्णवर्णीय कुटुंबे होती. बियाणे, अवजारे, धान्य सारे मळेवाल्याच्या उधारीवर. १९३४-३५ च्या करारानुसार पड ठेवलेल्या जमिनीबद्दल पौंडामागे साडेतीन सेंट भाडे आणि एक सेंट समतुल्यता-रक्कम ठरली. भाडे सर्वस्वी मालकाचे. बटाईदाराचा वाटा केवळ दुसऱ्या रकमेच्या निम्म्यावर. म्हणजे मालकाला चार सेंट, तर कसणाऱ्याला अर्धा. हा अर्धा सेंटही पुष्कळदा उधारीच्या खात्यात जिरत असे. तक्रार करावी, तर स्थानिक समित्यांवर मळेवाल्यांचेच वर्चस्व!

कराराच्या सातव्या कलमाने कुळांची संख्या शक्यतो कायम राखण्याचे बंधन मालकावर घातले होते. मात्र ‘शक्यतो’ या शब्दाने आणि उपद्रवी ठरणाऱ्या कुळाबाबतच्या अपवादाने ते पोकळ केले. क्षेत्र घटले, तशी माणसे अनावश्यक ठरली आणि घरे रिकामी करण्याचे हुकूम निघू लागले. जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळ ११ गोऱ्या व ७ कृष्णवर्णीय पुरुषांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. कपडे धुण्याचे दुकान चालवणारे एच. एल. मिचेल आणि शेजारचे पेट्रोल पंपवाले क्ले ईस्ट हे तिचे प्रमुख आधार होते. वर्णभेद कायद्याने जोपासलेल्या प्रदेशात अशी संयुक्त संघटना उभी राहणे ही सामान्य बाब नव्हती.

संघटना न्यायालयात गेली. करार मालक आणि कृषिमंत्री यांच्यातील आहे, बटाईदार त्यात पक्षकार नाहीत, या कारणास्तव तिला दाद मिळाली नाही. वॉशिंग्टनमध्ये जेरोम फ्रँक यांच्या विधी विभागाने केवळ संख्या नव्हे, तर तीच कुळे राखली पाहिजेत, असा अर्थ लावला. परिणामी फेब्रुवारी १९३५ मध्ये प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या संमतीने फ्रँक व त्यांच्या काही सहकाऱ्यांना बडतर्फ केले. दक्षिणेतील ज्येष्ठ लोकप्रतिनिधींना दुखावणे सरकारला परवडणारे नव्हते, हे यामागील उघड कारण होय.

६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील कर व करारांची योजना घटनाबाह्य ठरवली. तीही बटाईदारांच्या हक्कासाठी नव्हे, तर शेतीचे नियमन केंद्राच्या अधिकारात येत नाही म्हणून. पुढच्या योजनांत कुळांचा वाटा वाढला आणि तो थेट देण्याची तरतूद झाली. तेव्हा वाटा द्यावा लागणारे कूळच नको, असा हिशेब मळेवाल्यांनी केला. अनुदानाच्या पैशातून ट्रॅक्टर आले आणि उरलेल्या कामाला रोजंदारीचे मजूर लागले. दक्षिणेत १९३० साली सुमारे ७ लाख ७६ हजार बटाईदार होते. १९४० च्या गणनेत ते ५ लाख ४१ हजारांवर आले.