शुभवर्तमानांतील हिंसा आणि शांती : मुस्लिम दृष्टी

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या चार शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी शत्रूवर प्रेम करण्याची शिकवण आहे आणि तलवारीची भाषाही आहे. या दोहोंचा अर्थ मुस्लिम विद्वान, धर्मप्रचारक आणि समाजसुधारक यांनी वेगवेगळा लावला. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार येशू म्हणजे हजरत ईसा अलैहिस्सलाम, मरियमचे पुत्र आणि अल्लाहचे पैगंबर; इंजील हा त्यांच्यावर उतरलेला ग्रंथ. आजची चार शुभवर्तमाने म्हणजे तीच इंजील, असे बहुतेक मुस्लिम विद्वान मानत नाहीत. काहींच्या मते मूळ शब्दांतच फेरफार झाला, तर काहींच्या मते शब्द टिकले आणि अर्थ बिघडला. त्यामुळे मुस्लिम वाचक या ग्रंथाकडे आदराने येतो, पण प्रत्येक वचन पारखून घेतो.

कुरआनात ईसांचे चित्र सौम्य आहे. सूरह हदीद (५७:२७) म्हणते, की त्यांच्या अनुयायांच्या हृदयात अल्लाहने करुणा आणि दया घातली. सूरह मरियममध्ये (१९:२९–३३) पाळण्यातले बाळ बोलते : अल्लाहने मला आईशी चांगले वागणारा केले, उद्दाम व जुलमी केले नाही, माझ्या जन्मदिनी, मृत्युदिनी आणि पुन्हा उठवले जाण्याच्या दिवशी मला शांती असो. नाशिक परिसरातील मुस्लिम वाचकाला ही आयत दूरची वाटू नये. नाशिकरोडला बाळ येशूचे मंदिर आहे आणि फेब्रुवारीतील तिथल्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. ख्रिस्ती भाविक ज्या बालरूपासमोर मेणबत्ती लावतात, त्याच बालकाच्या तोंडी कुरआनने शांतीचे शब्द घातले आहेत. देवत्वाबद्दलचा मतभेद मात्र त्याने मिटत नाही. शिवाय सूरह तौबामध्ये (९:१११) अल्लाहच्या मार्गात लढणाऱ्यांना दिलेले वचन तौरात, इंजील आणि कुरआन या तिन्हींत आहे, असे म्हटले आहे. इंजील लढाईपासून पूर्णपणे अलिप्त होती, असे म्हणणे म्हणूनच परंपरानिष्ठ भाष्यकाराला जड जाते.

वादाची वचने मोजकीच आहेत. मत्तय १०:३४ मध्ये येशू म्हणतो, की मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो आहे. लूक २२:३६ मध्ये तो शिष्यांना झगा विकून तलवार घ्यायला सांगतो. लूक १९:२७ मधल्या दृष्टांतात राजा आपल्या वैऱ्यांना समोर आणून ठार मारण्याचा हुकूम देतो. योहान २:१५ मध्ये येशू दोऱ्यांचा कोरडा करून व्यापाऱ्यांना मंदिरातून हाकलतो. कोरड्याचा उल्लेख चारांपैकी फक्त योहान करतो. सुरत जिल्ह्यातील ताडकेश्वरला जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत गाजलेले प्रचारक अहमद दीदात (१९१८–२००५) यांनी यांतील काही वचनांवर भर देऊन येशूने सशस्त्र प्रतिकाराची तयारी केली होती, असा युक्तिवाद केला. ख्रिस्ती प्रचारक कुरआनातील युद्धाच्या आयती पुढे करत, त्याला हे प्रत्युत्तर होते. त्यांच्या पुस्तिका आणि ध्वनिचित्रफिती जगभर फिरल्या.

हा युक्तिवाद टिकत नाही. लूकच्या त्याच अध्यायात शिष्य दोन तलवारी दाखवतात तेव्हा येशू ‘पुरे’ म्हणतो. अटकेच्या वेळी एक जण प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापतो, तेव्हा येशू त्याला थांबवतो आणि कान बरा करतो. मत्तयमध्ये (२६:५२) तलवार उचलणारे तलवारीनेच मरतील, असा इशाराही आहे. दोन तलवारींनी रोमच्या सत्तेशी लढता येत नाही, हे लूकच्या पहिल्या वाचकालाही ठाऊक होते. मत्तय १०:३४ च्या पुढच्याच ओळी मुलगा आणि बाप, मुलगी आणि आई यांच्यातील दुराव्याबद्दल आहेत. लूकच्या समांतर वचनात (१२:५१) तलवारीच्या जागी फूट आहे. मक्केतील पहिल्या मुसलमानांनी हीच तलवार सोसली होती. मुसअब इब्न उमैर यांनी इस्लाम स्वीकारला म्हणून त्यांच्या आईने त्यांना कोंडून ठेवले होते. मुस्लिम वाचकाला हे वचन इतर कुणापेक्षा लवकर कळायला हवे. राजाच्या दृष्टांताचे काम तितके सोपे नाही. तो हुकूम कथेतल्या राजाचा आहे हे खरे, पण अनेक ख्रिस्ती भाष्यकार त्या राजात अंतिम न्यायाचा ख्रिस्तच पाहतात.

कुरआनातील ‘तलवारीची आयत’ (९:५) आगेमागे वाचा, ९:४ मधले करार पाळणारे आणि ९:६ मधला आश्रय मागणारा विसरू नका, असे मुसलमान आग्रहाने सांगतो आणि ते रास्तच आहे. मग लूक २२ सुद्धा आगेमागे वाचायला हवे. अर्धे वचन उचलून समोरच्याला गप्प करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या प्रचारकांनी या ग्रंथांचे मोठे नुकसान केले आहे.

या विषयावरचा सर्वांत खोल मुस्लिम विचार एका भारतविषयक ग्रंथात आहे. अल्-बीरूनी याने १०३० च्या सुमारास भारतावरचा आपला ग्रंथ पुरा केला. हिंदूंच्या दंडनीतीबद्दल लिहिताना तो ख्रिस्ती शिकवणीची आठवण काढतो : झगा घेणाऱ्याला अंगरखाही द्यावा, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा करावा. हे तत्त्वज्ञान थोर आहे असे तो मनापासून म्हणतो; पण सगळी माणसे तत्त्वज्ञ नसतात आणि कॉन्स्टंटाइन सम्राट ख्रिस्ती झाल्यापासून तलवार व चाबूक दोन्ही वापरात राहिले, अशी पुस्तीही जोडतो. त्याने शुभवर्तमानाला दोष दिला नाही, सत्तेचा प्रश्न वेगळा काढला. ईसांकडे राज्य नव्हते, मुहंमद पैगंबरांकडे मदिना होती. युद्ध, तह आणि कैदी यांचे नियम मदिनेत लागले. बदल्याचा हक्क मान्य करून क्षमेला वरचे स्थान देणारी कुरआनची भूमिका (५:४५, ४२:४०) या संदर्भात समजते.

वधस्तंभापाशी मात्र दोन्ही परंपरांच्या वाटा वेगळ्या होतात. ख्रिस्ती माणसाला अहिंसेचा कळस तिथे दिसतो. कुरआन (४:१५७) ईसांना मारले गेले नाही, सुळी दिले गेले नाही, असे सांगते. मुस्लिम दृष्टीत ईसांची शांती त्यांच्या वाणीत आणि वर्तनात आहे, मरणात नाही.

दख्खनशी या वाचनाचा जुना संबंध आहे. अकबराच्या निमंत्रणावरून रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे जेझुइट सहकारी गोव्याहून निघून १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले आणि दरबारात मौलवींशी त्यांचे वाद झडले. गोव्यात परतलेले अक्वाविवा १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे मारले गेले. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडल्याचा राग त्या हत्येमागे होता. १६०१ मध्ये असीरगड पडून खानदेश मोगलांकडे गेला. त्या विजयाची नोंद असलेल्या फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर ईसांचे एक वचन कोरले आहे : जग हा पूल आहे, त्यावरून जा, घर बांधू नका, अशा आशयाचे. हे वचन चार शुभवर्तमानांत नाही, मुस्लिम परंपरेने जपलेल्या ईसावचनांतले आहे. जिंकलेल्या मुलखाचे स्मारक आणि त्यावर विरक्तीचा उपदेश, हा विरोध कोरणाऱ्यांना जाणवला नसेल असे वाटत नाही.

१८५७ च्या रक्तपातानंतर सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर उर्दूत भाष्य लिहायला घेतले. १८६२ पासून छापल्या गेलेल्या या भाष्यात मत्तयचे पहिले पाच अध्याय आले, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाचा आरंभही आला. खान अब्दुल गफार खान यांनी अहिंसेचा आधार पैगंबरांच्या मक्केतील सबुरीत शोधला. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत भारतीय ख्रिस्ती मंडळींसमोर त्यांनी केलेले भाषण सरकारने राजद्रोही ठरवले, डिसेंबरमध्ये वर्ध्यात त्यांना अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी ख्रिस्ती मुक्तिवादी धर्मचिंतनाच्या जोडीने इस्लामी मुक्तिचिंतन मांडले. त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक १९९० मध्ये आले. पैगंबर दुबळ्यांच्या बाजूने उभे राहतात, युद्धाची आयत विशिष्ट परिस्थितीतील परवानगी असते आणि शांती हे कायमचे मूल्य असते, ही त्यांची मांडणी होती. हाच निकष शुभवर्तमानाला लावला, तर मत्तयचा पाचवा अध्याय मूल्याच्या बाजूला येतो आणि लूकच्या बाविसाव्या अध्यायातील दोन तलवारी अटकेच्या त्या रात्रीपुरत्या राहतात.