एक माप जास्तीचे : मोजणी आणि बेअरिंगच्या उदाहरणसंग्रहाची प्रस्तावना

जामखेड तालुक्यातल्या एखाद्या जुन्या सर्व्हे नंबराची हद्द आज कायम करायची ठरली, तर भूकरमापकापुढे तीन प्रकारची मापे येतात. पहिली टिपणातली. टिपण हे एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीचे हाताने काढलेले रेखाटन असते. ते प्रमाणात नसते आणि त्यावरचे आकडे साखळी-आण्यांत असतात. दुसरी गटाच्या नकाशातली. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तो हा नकाशा. तिसरी मापे जी.पी.एस. रोव्हरच्या पडद्यावर उमटतात, मीटरमध्ये आणि दशांश चिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत. डिप्लोमा किंवा आय.टी.आय. करून आलेल्या मुलाला तिसरा प्रकार चांगला ठाऊक असतो, दुसरा ऐकून माहीत असतो आणि पहिला त्याने पाहिलेलाही नसतो. बांधावर उभे असलेले दोन लगतदार मात्र पहिल्यावरूनच भांडत असतात.

बाजारातल्या उदाहरणसंग्रहांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यांतली शेते कुठलीच नसतात. त्यांतली साखळी कधी वीस मीटरची, कधी शंभर फुटांची असते. तेहतीस फुटांची कधीच नसते. त्यांतले होकायंत्र अशा मुलखात चालते, जिथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून पाच-सहा अंश ढळलेली आहे. म्हणून पुढच्या पानांतली उदाहरणे मुद्दाम जामखेडच्या आसपासची घेतली आहेत : विंचरणेचे पात्र, खर्ड्याच्या किल्ल्याची तटभिंत, चौंडीकडची काळी राने, सौताड्याच्या बाजूचे बालाघाटाचे उतार. शेतांचे आकडे रचलेले आहेत. जमिनीचा स्वभाव इथला आहे.

आधी साखळीविषयी, कारण ती नव्या मुलांना उगाच भिववते. पुणे जिल्ह्यात प्रिंगलने केलेली पहिली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या कामाला नियमांचे रूप मिळाले आणि मुंबई इलाख्यात ती पद्धत रूढ झाली. तिची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे नेमका एक एकर. साखळीला साखळीने गुणले की उत्तर थेट गुंठ्यांत येते, वर काही करावे लागत नाही. टिपणावर एक बाजू ६ साखळ्या ८ आणे आणि तिच्यावरचा लंब ४ साखळ्या असेल, तर साडेसहा चोक सव्वीस : २६ गुंठे. त्याचेच २६.३० आर होतात, कारण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. रुपया सोळा आण्यांचा होता त्या काळात हा हिशेब शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही तोंडी तपासता येत होता. मोजणारा साहेब, पण पडताळा कुळाच्या हातात! इंग्रजी अमलाच्या महसुलाबद्दल फार गोड बोलण्याचे कारण नाही, पण ही मापपद्धत आखणाऱ्याला दाद द्यावीच लागते.

आता ज्या एका गोष्टीसाठी हा सारा खटाटोप आहे, तिच्याकडे येतो. शेताच्या चार बाजू मोजल्या की क्षेत्र निघते, हा समज गावोगाव आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन सरासऱ्या गुणायच्या आणि मोकळे व्हायचे. समजा चारही बांध ६० मीटरचे आहेत. या रीतीने क्षेत्र ३६०० चौरस मीटर. पण शेताचा एक कोपरा ९० ऐवजी ६० अंशांचा असेल, तर खरे क्षेत्र सुमारे ३११८ चौरस मीटर भरते. बांध तेवढेच, आणि जमीन पावणेपाच गुंठ्यांनी कमी. या रीतीत उत्तर नेहमी जास्तच येते. फार झाले तर, शेत काटकोनी असेल तर, बरोबर येते. म्हणून विकणाऱ्याला ती फार आवडते.

ही चूक नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेली ‘लीलावती’ हा मुळात उदाहरणांचाच संग्रह आहे. निवर्तन हे जमिनीचे माप त्यात दिले आहे : दहा हातांचा एक वंश आणि वीस वंश बाजूचा चौरस. चौकोनाच्या क्षेत्रफळाशी आल्यावर आचार्य एरवीची लीला सोडून चिडतात. नुसत्या चार बाजू सांगून, लंब किंवा कर्ण न देता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो त्याला त्याहून मोठे पिशाच. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. तरी आठशे वर्षांनंतरही त्या रागाचे कारण शिल्लक आहे.

कर्ण मोजणे म्हणजे एक माप जास्त घेणे. चौकोनाला पाच मापे पुरतात. चांगला मोजणीदार दुसरा कर्णही मोजतो, म्हणजे सहावे माप घेतो, आणि त्या सहाव्याने पहिली पाच तपासतो. पुढच्या प्रत्येक प्रकरणात हे सहावे माप शोधायचे आहे. उत्तर काढणे हे अर्धेच काम. ते दोन लगतदारांसमोर टिकेल असे काय हातात आहे, हे सांगणे हे उरलेले अर्धे, आणि परीक्षेत त्याला गुण नसतात म्हणून ते कुणी शिकवत नाही.

बेअरिंगच्या प्रकरणात मुले सर्वांत जास्त अडखळतात, आणि दोष बहुतेक वेळा शिकवण्याचा असतो. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, ० ते ३६०. दुसरी रीत चतुर्थकाची : २३६°३०′ याला दक्षिण ५६°३०′ पश्चिम म्हणायचे. हे रूपांतर तासाभरात जमते. प्रिझमॅटिक होकायंत्राच्या तबकडीवर शून्य दक्षिण टोकाला का असते, हा प्रश्न मात्र प्रत्येक वर्गात येतो आणि बहुतेक वेळा ‘तसेच असते’ या उत्तरावर संपतो. आपण वाचन प्रिझममधून घेतो, आणि प्रिझम नजरेच्या दिशेच्या बरोबर उलट बाजूला, आपल्या डोळ्याशी असते. उत्तरेकडे पाहताना डोळ्याखाली तबकडीचे दक्षिण टोक येते, म्हणून शून्य तिथे. इतकेच.

रेषेच्या एका टोकावरून घेतलेले फोअर बेअरिंग आणि दुसऱ्या टोकावरून घेतलेले बॅक बेअरिंग यांत १८० अंशांचा फरक हवा. नसेल तर कुठेतरी लोखंड आहे. पुढचे उदाहरण नीट बघा. क ख ग घ असे चार कोपऱ्यांचे शेत. कख चे फोअर ६०°, बॅक २४०°. खग चे १४०° आणि ३२१°३०′. गघ चे २३६°३०′ आणि ५५°. घक चे ३२०° आणि १४०°. पहिल्या आणि शेवटच्या रेषेत फरक नेमका १८०, म्हणून क, ख, घ या तिन्ही जागा निर्दोष. मधल्या दोन्ही रेषांत १८१°३०′, आणि दोघींना समाईक जागा ग. म्हणजे ग वर होकायंत्र दीड अंश जास्त दाखवते : बोअरची केसिंग असेल, विजेचा खांब असेल, नाहीतर कुणी ट्रॅक्टर शेजारी लावला असेल. ग ची दोन्ही वाचने दीड अंशाने कमी केली की खग चे बॅक ३२० आणि गघ चे फोअर २३५ होते, आणि हिशेब जुळतो.

खरी गंमत यापुढे आहे. ग जवळचा आतला कोन काढा : ३२१°३०′ वजा २३६°३०′, म्हणजे ८५ अंश. दुरुस्त केलेल्या बेअरिंगांवरून काढा : ३२० वजा २३५, पुन्हा ८५. होकायंत्र त्या जागी चुकले, पण दोन्ही वेळा सारखेच चुकले, म्हणून कोन शाबूत राहिला. चारही कोन ८०, १००, ८५, ९५, बेरीज ३६०. ज्याला हे एकदा उमजले तो लोखंडाला भीत नाही. बेअरिंगवर अविश्वास दाखवूनही कोनावर विश्वास कसा ठेवता येतो, हे त्याला कळलेले असते.

आपल्याकडे हा त्रास लोखंडापुरता नाही. जामखेड दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे, आणि त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. उघड्या कातळावर, विशेषतः माथ्यावर, सुई जरा जास्तच चंचल होते. मुंबईतले उदाहरण तर प्रसिद्ध आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे दिसताच ते काम अलिबागला हलवावे लागले, आणि १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत. एका शहराच्या ट्रामपायी चुंबकीय नोंदींचे सारे काम खाडीपलीकडे गेले. आपण निदान होकायंत्र लावताना खिशातल्या किल्ल्या आणि हातातली साखळी बाजूला ठेवावी.

उत्तरा तीन असतात : खरी, चुंबकीय आणि नकाशाच्या चौकटीची. जामखेडला तिन्हींमधले अंतर एका अंशाच्या आत राहते. चौकटीची उत्तर तर खऱ्या उत्तरेपासून सहा-सात मिनिटेच ढळते, कारण यू.टी.एम. या नकाशा-प्रक्षेपणातल्या ४३ व्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे आणि जामखेड त्याच्या किंचित पूर्वेला आहे. हे सुदैव म्हणावे की दुर्दैव, मी ठरवू शकलेलो नाही. तिन्ही उत्तरा एकच आहेत असे समजून केलेले काम इथे खपून जाते, आणि तोच मुलगा उद्या दूरच्या मुलखात नोकरीला गेला की तोंडावर पडतो. मध्य रेखावृत्ताजवळ असण्याची एक किंमतही आहे. तिथे चौकटीवरचे अंतर जमिनीवरच्या अंतराच्या ०.९९९६ पट असते. हजार मीटरचा बांध रोव्हरच्या को-ऑर्डिनेटवरून ९९९.६ मीटर निघतो आणि एक हेक्टरमागे आठ चौरस मीटर कमी भरतात. कुणी जमीन चोरलेली नसते, ती गणितात गेलेली असते. लगतदाराने बांध कोरला असा आरोप करण्याआधी हा गुणक तपासावा.

साखळीच्या चुका आणि उतार यांवर थोडक्यात. ताणून २०.०५ मीटर झालेल्या वीस मीटरच्या साखळीने दोन हेक्टर मोजले, तर खरे क्षेत्र दोन हेक्टर एक आर असते. साखळी लांब म्हणजे उत्तर कमी. निम्मी मुले इथे उलट करतात. दहास एक उतारावर शंभर मीटर मोजले की सपाटीवर साडेनव्व्याण्णव धरायचे. एवढे सांगून पुरते, बाकी सराव.

नदी न ओलांडता पात्राची रुंदी काढण्याचे उदाहरण विंचरणेवर बेतले आहे. पलीकडच्या झाडासमोर उभे राहायचे, काठाने काटकोनात ३० मीटर जायचे आणि तिथे कोन घ्यायचा. कोन ६० अंश आला तर रुंदी ५१.९६ मीटर. पण वाचन अर्ध्या अंशाने चुकून ६०°३०′ झाले तर ५३.०२. होकायंत्राची तबकडी अर्ध्या अंशापर्यंतच आखलेली असते, तेव्हा सेंटिमीटरमधले उत्तर लिहिणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. म्हणून आणखी वीस मीटर पुढे जाऊन दुसरा कोन घ्यायला सांगितले आहे. तिथे तो ४६ अंशांच्या आसपास यायला हवा. आला, तर रुंदी ‘सुमारे ५२ मीटर’ असे लिहावे आणि समाधान मानावे.

शेवटचे प्रकरण बंद ट्रॅव्हर्सचे, म्हणजे फिरून निघाल्या जागी परत येणाऱ्या मोजणीचे, आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. छापील उदाहरणांत ट्रॅव्हर्स निघाला तिथे बरोबर परत येतो. रानात तो कधीच येत नाही. चारशे ऐंशी मीटरच्या फेऱ्यात उत्तर-दक्षिण ३६ सेंटिमीटर आणि पूर्व-पश्चिम ४८ सेंटिमीटर उरले, तर बंद-चूक ६० सेंटिमीटर, म्हणजे आठशेला एक. होकायंत्राच्या कामाला ही चूक चालण्याजोगी आहे. ती बाऊडिचच्या नियमाने बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायची असते, लपवायची नसते. म्हणून या संग्रहातला एकही ट्रॅव्हर्स शून्यावर बंद होत नाही, आणि दोन उदाहरणांत चूक इतकी मोठी ठेवली आहे की ती वाटणे गैर ठरेल. तिथे ‘पुन्हा मोजावे’ हेच उत्तर आहे.

हा संग्रह भूकरमापकाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आहे, तसाच आपल्या मोजणी नकाशाची ‘क’ प्रत स्वतः वाचू पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठीही. त्याला त्रिकोणमिती नको असेल तर त्याने पहिली तीन प्रकरणे वाचावीत, बेरीज-गुणाकार पुरतील. शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. मुलांना टेप आणि होकायंत्र देऊन शाळेमागच्या एखाद्या तुकड्याभोवती पाठवा, आणि कुणी शून्य बंद-चूक घेऊन आला तर शाबासकी देण्याआधी त्याची रानातली कच्ची वही मागून बघा.